सासूबाईंची माळ, अकरा ठिकाणांचं पॅकेज आणि दोन दिवसांचं क्वालालंपूर

नमस्कार ताई,

भाऊबीज उरकली की आम्ही पाच जण बालीला निघतोय. जाताना क्वालालंपूरला मुक्काम आहे. गुरुवारी रात्री उतरायचं, रविवारी सकाळी पुढचं विमान. म्हणजे हातात शुक्रवार आणि शनिवार. ह्यांनी एका टूरवाल्याकडून दोन दिवसांचं पॅकेज आणलंय, त्यात अकरा ठिकाणं आहेत. पेट्रोनासचे जुळे मनोरे, केएल टॉवर, गेंटिंग, पुत्रजाया, बाटू केव्हज, चॉकलेटचं दुकान आणि काय काय. लेक कॉलेजात आहे, तिला गच्चीवरच्या स्विमिंग पूलमधून मनोऱ्यांबरोबर फोटो हवा. मुलगा सातवीत, त्याला काहीही चालतं. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, माळकरी. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. त्या तिथे काय खाणार या काळजीने माझी झोप उडालीय. त्यात थोरले दीर म्हणतात, ‘मुसलमानी मुलूख, बायकापोरं घेऊन कशाला जाताय?’ मला स्वतःला मनोऱ्यांपेक्षा तिथली माणसं बघायची आहेत, पण हे घरात बोलायची सोय नाही. पॅकेज घ्यावं का?

ता. क. ड्युरियन खरंच तितकं वास मारतं का? मुलाने पैज लावलीय.

एक वाचक, सांगली

*

ताई, पॅकेज घेऊ नका.

पण यजमानांना तसं तोंडावर सांगू नका. त्यांच्यासमोर कागद-पेन घेऊन बसा आणि त्या अकरा ठिकाणांपुढे तास मांडा. गेंटिंग डोंगरावर आहे. जायला तास, यायला तास, शनिवारी केबल कारच्या रांगेत उभं राहायचं ते वेगळंच. वर काय, तर थीम पार्क, दुकानं आणि कॅसिनो. कॅसिनोत एकवीस वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, सासूबाई तिथे जायच्या नाहीत, आणि थंड हवेसाठी सांगलीकराला महाबळेश्वर आहेच. पुत्रजाया हे सरकारी कचेऱ्यांसाठी वसवलेलं शहर. १९९९ पासून तिथून कारभार चालतो. रस्ते रुंद, मशीद गुलाबी, तलाव सुरेख, पण पायी हिंडणारा माणूस क्वचित दिसतो. चॉकलेटचं दुकान कुणाच्या फायद्यासाठी यादीत आलंय ते वेगळं सांगायला नको. हे तीन गेले की शुक्रवार-शनिवारला श्वास घ्यायला जागा होते. उरलेल्यातले मनोरे आणि बाटू केव्हज ठेवा आणि ते ‘ह्यांच्या यादीतले’ म्हणूनच ठेवा. घरात शांतता राहते.

आता मुक्काम. टूरवाला तुम्हाला बुकित बिंतांगला ठेवेल. तिथे मॉल आहेत, झगमगाट आहे, रात्री दोनपर्यंत गलका आहे. तुम्ही त्याऐवजी ब्रिकफील्ड्समध्ये, केएल सेंट्रल स्टेशनच्या आसपास हॉटेल बघा. १८८१ साली आधी आग आणि मग पूर अशा दोन तडाख्यांत लाकूड-झावळ्यांचं जुनं गाव गेलं. त्यानंतर घरं विटा-कौलांचीच बांधायची असं ठरलं, आणि त्या विटांच्या भट्ट्या इथे लागल्या. पुढे रेल्वे आली आणि तिच्याबरोबर तमिळ आणि सिलोनी कामगार आले. आज हा भाग तिथला ‘लिटल इंडिया’ आहे. तुम्हाला याचा फायदा असा की इडली-डोशाची शाकाहारी हॉटेलं चालत्या अंतरावर आहेत आणि शहरात कुठेही नेणारी गाडी याच स्टेशनातून सुटते.

तुम्ही दिवाळीनंतर लगेच पोचताय तेही बरं झालं. मलेशियात दिवाळीची सरकारी सुट्टी असते. तमिळ लोकांची मुख्य दिवाळी म्हणजे आपली नरक चतुर्दशी, तेव्हा तिथली गर्दी आणि बंद दुकानं तुम्ही जाईपर्यंत ओसरलेली असतील. आरास मात्र काही दिवस राहते. मॉलच्या तळमजल्यावर रंगवलेल्या तांदळाच्या दाण्यांची प्रचंड रांगोळी काढलेली असते, खोलीभर मोठी. सासूबाईंना ती दाखवा. पायरीवर बसून अर्धा तास बघतील.

विमानतळावरून शहरात येणारी एक्स्प्रेस गाडी अठ्ठावीस मिनिटांत पोचवते, पण माणशी ५५ रिंगिट. पाच जणांचे २७५ झाले. रिंगिटचा भाव वीस रुपयांच्या वरच धरा, म्हणजे हिशेब लक्षात येईल. ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर सहा आसनांची गाडी मागवली तर ती यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि थेट हॉटेलच्या दारात सोडते. साध्या गाडीत चारच जण बसतात. पाचव्याला मांडीवर घ्यायची आपली पद्धत तिथे चालत नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडताच बाटू केव्हजला निघा. केएल सेंट्रलवरून कोम्युटर गाडी तिथेच जाऊन थांबते, तिकीट किरकोळ. गाड्या दर पाच मिनिटांनी नाहीत, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवा. या गाड्यांत बायकांचे वेगळे डबे असतात, गुलाबी पाट्या लावलेले. यजमानांना आधीच सांगा, नाहीतर मुंबई लोकलमध्ये खातात तशीच बोलणी खातील.

इथे एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण घरात निघणार हे नक्की. गुहेच्या दाराशी ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती उभी आहे. ती मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीची. कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी एरवी घ्यायचं नाही, घ्यायचं तर कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना, ही आपल्याकडची रीत सासूबाईंना ठाऊक असणारच. आणि एवढी मूर्ती दिसूनही न बघणं कुणाला जमणार नाही. तेव्हा हे विमानात बसण्याआधी, घरी चहा पिताना सांगून टाका. तमिळांमध्ये अशी अट नाही, हेही सांगा. त्यांचा मुरुगन दोन बायकांचा संसारी देव आहे, आणि थैपुसमच्या उत्सवाला हजारो बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन त्याच्या पायऱ्या चढतात. एवढं ऐकून सासूबाई काय ठरवतील ते त्यांच्यावर सोडा. माझा अंदाज, त्या येतील. नाहीच म्हणाल्या तर सून म्हणून वाद घालू नका. त्या हॉटेलवर नातवाबरोबर थांबतील, तुम्ही अकरापर्यंत परत.

आल्या तर पायऱ्यांचा हट्ट नको. २७२ आहेत, उभ्या आहेत, आणि २०१८ मध्ये रंगीबेरंगी रंगवल्यापासून त्यांच्यावर फोटोवाल्यांची झुंबड असते. स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच पंधरा मीटरचा हिरवा मारुती उभा आहे. त्याच्या पलीकडे रामायणाची गुहा आहे. थोडं तिकीट आहे, पण आत रामकथेचे प्रसंग मूर्तींतून मांडलेत. कुंभकर्ण आडवा झोपलाय आणि त्याला उठवायला फौज लागलीय, हे बघून सातवीतला मुलगा खूश होईल. आजी-नातवाला तिथे सोडा, तुम्ही तिघं वर जाऊन या. गुडघे उघडे राहतील असे कपडे वर चालत नाहीत, लेकीला सांगा. दाराशी भाड्याने कापड मिळतं खरं, पण कॉलेजातल्या मुलीला भाड्याच्या लुंगीतला फोटो आवडायचा नाही. आणि हातात पिशवी, बाटली, केळं काही नको. तिथली माकडं पिशवीचा आवाज ओळखतात.

मूर्ती नवी आहे, २००६ ची. मंदिर मात्र १८९० च्या सुमाराचं, थंबुसामी पिल्लै नावाच्या तमिळ पुढाऱ्याने स्थापलेलं. हे नाव लक्षात ठेवा, शनिवारी पुन्हा भेटेल.

परत आल्यावर ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावर जेवा. भात, दोन-तीन भाज्या, पापड, रसम, आणि वाढपी पुन्हा पुन्हा विचारतो. जेवण आवडलं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. यजमान मासे खातात असं धरून चालते. त्यांनी वेगळं मागवलं तर तळलेला मासा वेगळ्या ताटलीत येतो, सासूबाईंच्या पानाला लागत नाही.

दुपारी बाहेर पडू नका. क्वालालंपूर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे, नोव्हेंबर हा तिथला भर पावसाचा महिना. सकाळ लख्ख असते, दोन-तीनला ढग गोळा होतात आणि मग तासभर असा कोसळतो की समोरची इमारत दिसत नाही. तिथले लोक चहा मागवून बसतात. तुम्हीही बसा, किंवा त्या वेळात इस्लामी कला संग्रहालयात जा. शुक्रवारच्या नमाजाची वेळ टळून, तीनच्या पुढे. जगातल्या नामांकित मशिदींच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आणि भारताचं, चीनचं, मलय जगाचं अशी वेगवेगळी दालनं आहेत. भारताच्या दालनात मोगलाई दागिने आणि शस्त्रं पाहून यजमान रमतील. थोरल्या दिरांना पाठवायचे फोटो इथलेच काढा.

दिरांचा विषय निघालाच आहे तर संपवते. इस्लाम हा मलेशियाचा राजधर्म आहे, बहुसंख्य मलय मुसलमान आहेत, आणि धर्माचे कडक कायदे त्यांच्यासाठी आहेत. तुम्हाला डोकं झाकायला कुणी सांगत नाही. मशिदीत गेलात तर दाराशी पायघोळ झगा देतात, तो घालायचा, परत करायचा. रस्त्यात बिअर पिणारे चिनी, कुंकू लावलेल्या तमिळ बायका, टुडुंग म्हणजे डोक्याचा रुमाल बांधलेल्या मलय मुली एकाच गाडीत बसलेल्या दिसतील. सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही समजू नका. १३ मे १९६९ ला याच शहरात मलय आणि चिनी यांच्यात मोठी दंगल झाली होती. त्यानंतर मलयांना शिक्षणात, नोकरीत, व्यवसायात झुकतं माप देणारं धोरण आलं. चिनी आणि तमिळ घरांत त्याबद्दल आजही कुरकुर असते. तुम्ही पाहुणे. टॅक्सीत ड्रायव्हरला ‘तुमच्याकडे हिंदूंचं कसं चाललंय?’ असं यजमानांनी विचारू नये. त्यांना ती हौस असेल तर त्यांना मागच्या सीटवर बसवा. भीती बाळगायचीच असेल तर मोटारसायकलवरून पर्स ओढणाऱ्यांची बाळगा. फुटपाथवर चालताना पर्स रस्त्याच्या उलट बाजूच्या खांद्याला.

संध्याकाळी मनोरे. वर जायचं तर ठरावीक वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि ते पाच जणांचं चांगलंच महाग पडतं. मी म्हणेन, खालून बघा. ४५२ मीटर, ८८ मजले. १९९८ मध्ये पुरे झाले तेव्हा जगात सगळ्यांत उंच होते. दोन मनोरे दोन वेगळ्या कंत्राटदारांनी बांधले, एक जपानी, एक कोरियन, आणि ते जणू शर्यतीतच चढत गेले. मुलाला हे सांगा. प्रत्येक मजल्याचा आराखडा म्हणजे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन चौकोन, आठ टोकांचा तारा. इस्लामी नक्षीतला. मागच्या बागेत अंधार पडल्यावर कारंज्यांचा खेळ असतो, फुकट. लेकीला पूलचा फोटो हवा असेल तर हॉटेल बदलायची गरज नाही. बागेतल्या पाण्याच्या कडेने जो फोटो येतो तो पुरेसा आहे. ती मान्य करणार नाही, पण तुम्ही सांगून बघा.

कारंजी संपली की तिथून कांपुंग बारूकडे चला. सलोमा नावाच्या जुन्या गायिका-अभिनेत्रीच्या नावाचा पादचारी पूल आहे, २०२० मध्ये झालेला. त्याची घडण मलय लग्नांत रचतात त्या विड्याच्या पानांच्या रचनेवरून घेतलीय, आणि रात्री तो रंग बदलत उजळतो. पूल ओलांडला की एकदम खेडं. इंग्रजांनी १९०० च्या सुमाराला मलय शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेली ही जमीन. अजूनही काही लाकडी घरं खांबांवर उभी आहेत, अंगणात केळी आहेत, कोंबड्या आहेत आणि मान वर केली की डोक्यावर तेच मनोरे. जमिनीला केवढा भाव आहे विचारू नका. बिल्डर गेली कित्येक वर्षं टपून बसलेत. ताई, तुम्हाला माणसं बघायची आहेत ना, मग इथे रस्त्याकडेच्या टेबलावर बसा आणि नासी लमाक मागवा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बाजूला तिखट-गोड सांबाल चटणी, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि तळलेले इकान बिलिस. हे इकान बिलिस म्हणजे बोटाएवढे सुके मासे. मालवणकडच्या सुकटाची ज्याला सवय आहे त्याला ते पहिल्या घासात पटतात. सासूबाईंना मात्र इथे काही नाही, त्यांना आधीच जेवायला घालून आणा.

त्यांच्या जेवणाकडे आता नीट वळते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मलेशियात ‘व्हेज’ म्हणून जे मिळतं त्यात फसगत होते. मलय किंवा चिनी स्टॉलवर पालेभाजी मागितली तर ती हिरवीगार येते, पण परतलेली असते बलाचानमध्ये, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या चटणीत. सांबालमध्येही ते असतं. भाजी म्हणजे भाजीच, मग त्यात काय घातलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणून नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, एकेक नाव घेऊन नकार द्यावा लागतो. ताक माहु म्हणजे नको. ताक माहु इकान, मासा नको. उदांग नको, आयाम नको, दागिंग नको, तेलुर नको, म्हणजे कोळंबी, कोंबडी, मांस, अंडं. मामाकांच्या दुकानातली रोटी चनाई सासूबाईंना दाखवा जरूर. मामाक म्हणजे तमिळ मुसलमान, त्यांची दुकानं दिवस-रात्र उघडी. कारागीर कणकेचा तेलकट गोळा हातावर घेतो, ओट्यावर आपटून-झुलवून पदराएवढा पातळ करतो, दुमडतो आणि तव्यावर टाकतो. बरोबर मात्र डाळ मागा, कारण न मागता मासळीचा रस्सा येऊ शकतो. आणि काही ठिकाणी कणकेतच अंडं असतं, तेव्हा त्यांच्यासाठी ती बघण्यापुरतीच बरी. तुम्ही मुलांना घेऊन खा, वर ‘तेह तारिक’ प्या. कंडेन्स्ड मिल्कचा चहा, हातभर उंचीवरून या मगातून त्या मगात ओतून फेसाळलेला. गोडमिट्ट असतो. ‘कुरांग मानिस’ म्हणालात तर साखर कमी.

मग सासूबाईंनी शहर हिंडताना खायचं कुठे? चिन्यांकडे. दचकू नका. बौद्ध चिनी लोकांची शुद्ध शाकाहारी दुकानं क्वालालंपूरमध्ये जागोजागी आहेत. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं. त्यांच्या परंपरेत मांस तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. माळ घालून आयुष्यभर जे पाळलं तेच पाळणारं माणूस कढईपाशी उभं आहे, हे सासूबाईंना कळलं की भाषेची अडचण राहणार नाही. आत काचेमागे वीसेक पातेली मांडलेली असतात. ताटलीत भात घ्यायचा, हव्या त्या भाज्या आपल्या हाताने वाढून घ्यायच्या, आणि गल्ल्यावरची बाई ताटलीकडे एक नजर टाकून किंमत सांगते. वजन नाही, मोजमाप नाही. टोफू, दुधी, वांगं, मशरूम, समुद्री शेवाळ. दोन गोष्टींची आगाऊ कल्पना द्या. एक, काही पातेल्यांत मासळीचा तुकडा किंवा कोंबडीची तंगडी दिसेल. ती सोयाबीनची किंवा गव्हाच्या चिकाची असते, पण इतकी हुबेहूब की माळकरी माणूस खुर्चीवरून उठेल. त्यांच्या ताटात ती वाढू नका. दोन, काही दुकानांत अंडं चालतं, तेवढं विचारा.

आणि चेंडोल. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक आणि पांदान नावाच्या सुवासिक पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया. यात हरकत घ्यावं असं काही नाही. एकीला एक वाटी पुरत नाही.

असं एक चिनी दुकान चायनाटाउनमधल्या पेताळिंग स्ट्रीटच्या आसपास गाठता येईल असं शनिवार सकाळचं हिंडणं ठरवा. माझ्या मते सगळ्या मुक्कामातलं हेच खरं बघणं, आणि हे पॅकेजमध्ये नाही, कारण बस तिथे उभी राहत नाही.

एलआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोसारख्या गाडीने, मशीद जामेक स्टेशनला उतरा. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या जिथे मिळतात त्या टोकावर ही लाल-पांढरी मशीद आहे, १९०९ ची. नद्या पाहून हिरमोड होईल. काँक्रीटच्या पन्हळीत वाहणारं तपकिरी पाणी. पण १८५७ मध्ये कथलाच्या शोधात निघालेले ८७ चिनी खाणकामगार होड्यांनी इथपर्यंतच येऊ शकले, पुढे पाणी उथळ. इथे उतरून ते जंगलातून आंपांगकडे गेले, आणि त्यांना तांदूळ-अफू पुरवणाऱ्या दुकानांचं जे गाव झालं ते हे शहर. खाणीला चिनी आले, रेल्वे आणि रबराला तमिळ आले, पोलिसात शीख आले, मलय होतेच. प्रत्येकाने राहायला जागा घेतली आणि शेजारी देव बसवला. तुम्ही जे बघणार ते एवढंच आहे, पण ते पायांनी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहे.

मशिदीतून निघून पुढे मर्देका मैदान. ३० ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री इंग्रजांचा झेंडा इथे उतरला. समोर घुमट आणि घड्याळाच्या मनोऱ्याची १८९७ ची लांबलचक इमारत आहे, सुलतान अब्दुल समद यांच्या नावाची. मुंबईचं जी.पी.ओ. पाहिलेल्याला ती ओळखीची वाटते आणि ते बरोबरच आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानात रुळवलेली बांधणी जहाजात घालून इकडे आणली. ऊन चढायच्या आत इथून निघा.

मग जालान तुन एच. एस. ली या रस्त्याला लागा. गावापेक्षा जरा उंचावर, पुराचं पाणी पोचायचं नाही असा. आधी महामारिअम्मनचं देऊळ, १८७३ चं, संस्थापक तेच थंबुसामी पिल्लै. थैपुसमला मुरुगनचा चांदीचा रथ इथूनच बाटू केव्हजला निघतो. चपला बाहेर, आत नादस्वरम चालू असेल तर थोडं थांबा. सासूबाईंना दारातल्या बाईकडून मोगऱ्याचा गजरा घेऊन द्या. बाहेर पडून जवळजवळ समोरच बघा, लाल खांबांचं ग्वान दीचं चिनी देऊळ, १८८८ चं. छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली असतात, शंकूसारखी खाली ओघळणारी, आणि त्यांची राख अलगद खांद्यावर पडते. इथे तुम्हाला कपाळाला कुंकू लावलेली एखादी तमिळ बाई उदबत्ती लावताना दिसली तर नवल करू नका, आणि मारिअम्मनच्या देवळात हात जोडणारा चिनी दुकानदारही दिसेल. शेजारच्या देवाला नमस्कार करून टाकावा, एवढा व्यवहार दोघांनाही कळतो. तिथून चार पावलांवर दोन दुकानांच्या मधल्या बोळात सिन झे सी या नावाचं सगळ्यांत जुनं चिनी देऊळ आहे, १८६४ चं. शहराची पहिली घडी बसवणारा चिनी कापितान, म्हणजे चिन्यांचा मुखिया, याप आह लॉय, त्यानेच ते उभारलं. आता तो स्वतः आत फोटोत बसलाय आणि लोक त्यालाही उदबत्ती लावतात.

इथे यजमान ‘किती देवळं’ म्हणायला लागतील. त्यांना जवळच्या सेंट्रल मार्केटमध्ये पंख्याखाली बसवा. १८८८ ची मंडई, आता हस्तकलेची दुकानं आहेत. तुम्ही बाटिकचे कापड बघा, आणि शाकाहारी दुकानात एकत्र जेवा. दुपारचा पाऊस लेकीच्या मॉलच्या वाट्याला. संध्याकाळ रिकामी ठेवा. पाच माणसांत कुणीतरी दमलेलं असतंच.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि आजवर वाढत आलीय, तरी निघण्याआधी बघून घ्या. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरायचं, सासूबाईंचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात. दोन खोल्या, तीन रात्री, साठ रिंगिट बाजूला ठेवा म्हणजे काउंटरवर भांडण नको. प्लगला चौकोनी तीन पायांचा अडॅप्टर लागतो. घड्याळ अडीच तास पुढे. भडंग आणि लाडू खुशाल न्या, ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ नकोत. आणि शौचालयात पाण्याची नळी असते, ही बातमी सासूबाईंना सगळ्यांत आधी द्या.

ता. क. चं उत्तर : मारतं. हॉटेलच्या दारावर ड्युरियनवर फुली मारलेली पाटी असते आणि खोलीत नेलंत तर दंड होतो. स्टॉलवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, हातमोजे घालून खायचं असतं. भाव किलोवर, तोही सालीसकट, म्हणून फोडायला लावण्याआधी वजन आणि आकडा दोन्ही विचारून घ्या. सगळ्यांत छोटं निवडा. पैज मुलगा जिंकला तरी उरलेलं संपवायला कुणीतरी लागतं, आणि माझा अंदाज आहे की ते सासूबाई असतील.